पाण्याबाहेर आलेला उंबर

नाशिकच्या आमच्या घराला अंगणच नव्हतं, पण एका उंबराचं नाव तिथं आठवड्यातून एकदा तरी निघायचंच. नळाला पाणी आलं नाही, शेजाऱ्यानं सायकल दारात आडवी लावली, आमटी खारट झाली, कुठलंही निमित्त पुरायचं. बाबा म्हणायचे, माणसाचा काय भरवसा, माझ्या चुलतभावानं देवाच्या झाडावर कुऱ्हाड घातली. आम्ही भावंडं मान खाली घालून हसायचो आणि आई उठून आत जायची. तेच ते पुराण ऐकून तिला कंटाळा येत असेल असं मला वाटायचं.

आमचं मूळ गाव घोटीच्या पुढं, इगतपुरीच्या अंगाला. डोंगराच्या उतारावरून पार नदीपर्यंत भाताची खाचरं उतरत गेलेली, प्रत्येक खाचराला दगडमातीचा बांध आणि मधोमध महादेवाचं एक जुनं काळ्या दगडाचं देऊळ. धरण झालं आणि हे सगळं पाण्यात गेलं. मी तेव्हा पहिलीत होते. देवळाच्या तापलेल्या पायऱ्या आणि त्यावरून जाणारी मुंगळ्यांची रांग एवढंच मला आठवत होतं.

गाव सोडताना लोकांनी आपापली झाडं तोडून लाकूड बरोबर नेलं. पाण्यात कुजण्यापेक्षा नव्या घराला वासे तरी होतील, असा हिशोब. आंबे गेले, साग गेले, जांभळी गेल्या. उंबराला मात्र कोणी हात लावला नाही. उंबरात दत्त राहतो, त्याच्यावर कुऱ्हाड घालणाऱ्याचं बरं होत नाही, असं आमच्याकडे मानतात. आमच्या भावकीच्या शेतात दोन उंबर होते. एक आमचा, खाली नदीजवळच्या बांधावर. दुसरा काकांचा, म्हणजे बाबांच्या त्या चुलतभावाचा, वरच्या अंगाला विहिरीच्या काठी. आमची बैलगाडी वळणावर आली तेव्हा मागं विहिरीकडून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले आणि बाबांनी गाडीत बसल्याबसल्या निकाल दिला, यानं उंबर तोडला. परत जाऊन कोण बघतंय? दोघांचं आधीच एका बांधावरून वाकडं होतं. मोजणीच्या वेळी तो बांध कोणाच्या बाजूला धरायचा यावरून त्यांच्यात जुंपली होती. पुढं बांध बुडाला, भांडण तेवढं कोरडं राहिलं.

उंबराबद्दल बाबा जितकं बोलायचे, तितकंच एका गोष्टीबद्दल आमच्या घरात कोणी बोलायचं नाही. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. बारशाच्या आतच तो गेला, म्हणून त्याला नावही नव्हतं. दात न आलेल्या मुलाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आई बाजेवर पडून होती. बाबा आणि काका त्याला फडक्यात गुंडाळून घेऊन गेले, परत आले, अंघोळी केल्या. कुठं ठेवलं ते बाईला सांगायची रीत नव्हती आणि तिनं विचारायचीही नव्हती. मला हे कळलं ते मावशीकडून, माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी, तेही ती मटार सोलता सोलता बोलून गेली म्हणून.

ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा असा आला की धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं. पेपरात फोटो आला, पाण्यातून वर आलेलं हेमाडपंती देऊळ. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि माझ्या नवऱ्याला पडक्या दगडांचं वेड. बँकेत नोटा मोजणारा हा माणूस, पण रविवारी कुठल्यातरी भग्न भिंतीपुढं डोळे मिटून उभा राहायचा. तो फोटो घेऊन माझ्या माहेरी आला आणि सोबत एक इंग्रजी मासिकही आणलं. त्यात लांबच्या पेरू देशातल्या डोंगरावरचे इंका लोकांचे जुने अवशेष होते आणि त्यांच्या खालून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली शेतं. तो म्हणाला, हे बघायला लोक विमानानं जातात, तुमचं तर घोटीच्या पुढं आहे.

बाबांनी चष्मा लावून चित्र नीट पाहिलं. "खाचरंच आहेत," ते म्हणाले. "यात बघायचं काय? बांध मात्र झकास घातलेत."

आई तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, "मला यायचंय. मला जागा बघायचीय."

कसली जागा हे कोणी विचारलं नाही. माझा नवरा विचारणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला. बाबांनी मासिक मिटलं, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग ते म्हणाले, पाणी तेवढं उतरलं असलं तर दाखवीन. इतक्या वर्षांत तिनं त्यांच्याजवळ काही मागितल्याचं मला आठवत नाही, आणि एकदाच मागितलं ते हे. पाऊस आला की जागा पुन्हा बुडणार होती. पुन्हा पाणी एवढं कधी उतरेल याचा नेम नव्हता आणि दोघांची वयं काही कमी होणार नव्हती.

नवऱ्यानं मित्राची जीप आणली. मुंबईच्या रस्त्याला लागेपर्यंत तो देवळाबद्दल बोलत होता, मग गाडीतली हवा त्याच्याही लक्षात आली आणि तो गप्प झाला. बाबा पुढं ताठ बसलेले. आईच्या मांडीवर एक तांब्या, तोंडाला फडकं बांधलेलं. विल्होळीच्या पुढं नवऱ्याला तहान लागली आणि त्यानं सहज तो तांब्या मागितला. आई म्हणाली, हे प्यायचं नाही. इतक्या तुटकपणे ती जावयाशी कधी बोलली नव्हती. मी त्याला माझी बाटली दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. 

घोटी सोडल्यावर डांबर संपलं आणि मग रस्ताही संपला. शेवटच्या चढावरून खाली पाहिलं आणि मी तरी दचकलेच. धरणाच्या पोटात पाण्याचा एक पट्टा उरला होता. त्याच्यावर, बाजूच्या उतारावर, सगळी खाचरं उघडी पडली होती. हिरवं काहीच नाही. राखाडी गाळ, त्यातून वर आलेले बांध, एकाखाली एक, थेट पाण्यात उतरत गेलेले. मध्ये देऊळ, शिखर गेलेलं, गाभारा शाबूत. बघायला आलेले चार लोक पायऱ्यांवर बसून भेळ खात होते. कडेच्या भागात कोणीतरी गाळपेर केली होती. पाणी उतरलं की त्या ओल्या गाळात कलिंगडं आणि काकड्या लावतात, पाणी चढायच्या आत काढतात. त्या वेलांशेजारी एक खोपटं होतं आणि खोपटाच्या सावलीत एक म्हातारा बसला होता.

बाबांनी त्याला लांबूनच ओळखलं. "इथंही आलाच का," असं पुटपुटून त्यांनी तोंड फिरवलं. म्हणजे तेच काका. कळत्या वयात मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं त्याहून फारच किरकोळ निघाले.

आम्ही देवळापर्यंत वाळलेल्या वाटेनं गेलो. नवरा गाभाऱ्यात शिरला तो शिरलाच. आई पायरीवर टेकली, तिला चढानं धाप लागली होती. बाबा कपाळावर हात धरून उताराकडे बघत होते. सगळ्या उतारावर एकच झाड उभं होतं. पानं नाहीत, साल नाही, नुसतं काळं खोड आणि दोन फांद्या. उंबराचं लाकूड पाण्यात टिकतं म्हणतात. जुन्या काळी विहिरीच्या बुडाला उंबराचंच कडं घालायचे.

बाबांनी मला बाजूला घेतलं.  "तो आपला उंबर. त्याच्याखाली ठेवलंय त्याला. आईला इथंच बसव. मी आधी वाट बघून येतो, मग तिला नेतो." मी विचारलं, आपलाच कशावरून? तर म्हणाले, दुसरा राहिलाय कुठं, तो त्यानं तोडला ना. आणि धोतराचा सोगा खोचून ते निघाले.

बांधावरून ते भराभर चालले होते. वय साठीच्या पुढं, पण पाय त्या मातीला विसरले नव्हते. मी आईजवळ येऊन बसले. ती त्या झाडाकडे टक लावून बघत होती.

"तोडला नाही गं त्यांनी," ती म्हणाली. "विहिरीवरचा उंबर. तोडलाच नाही."

मला आधी काही कळलं नाही. ती हळूहळू बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. बाळंतपणातून उठून ती पहिल्यांदा पाण्याला गेली, तेव्हा विहिरीच्या उंबराखाली माती ताजी उकरलेली दिसली. तिनं ओळखलं, इथंच. कोणाला विचारलं नाही. त्या दिवसापासून गाव सोडेपर्यंत, रोज पहिला हंडा भरला की त्यातलं ओंजळभर पाणी ती त्या झाडाच्या बुंध्याशी घालायची. मग गाव सुटलं आणि बाबा सांगायला लागले की तो उंबर तोडला. आठवड्यातून एकदा सांगायचे.

ती उठून आत का जायची ते मला त्या पायरीवर बसल्यावर कळलं. आम्ही हसत होतो आणि ती आत जाऊन काय करत होती कोण जाणे. मला बाबांचा इतका राग आला की त्यांना हाक मारून तिथंच सुनवावं असं वाटलं. मी मान वर केली. बाबा झाडाच्या बरेच जवळ पोचले होते. आता ते बांध सोडून खाचरातल्या गाळावर उतरले होते, सरळ रेषेत जायला.

आणि मग माझ्या लक्षात आलं. तो उंबर विहिरीवरचा असेल तर विहीर कुठं होती?

"झाडाच्या अलीकडं," आई म्हणाली. "आपल्या बाजूला. अगदी लागून." बोलता बोलता ती उभी राहिली होती.

बाबा चालले होते ते आमच्या उंबराकडे. त्यांच्या हिशोबानं विहीर वर कुठंतरी मागं राहिली होती. इतकी वर्षं जो आरोप केला, त्याच आरोपाचा त्यांनी नकाशा केला होता. मी हाका मारत धावले. आई मागून. वारा आमच्या तोंडावर येत होता, आवाज पोचत नव्हता. त्याच वेळी खोपटापाशी काका उठून उभे राहिले आणि दोन्ही हात हलवायला लागले. त्यांचा आवाज मात्र पोचला.

"दादा, तिकडं जाऊ नको. विहीर हाय तिथं."

बाबा थांबले. आता वळतील असं मला वाटलं. त्यांनी काकांकडे पाहिलं, क्षणभर नीट पाहिलं, आणि पुढचं पाऊल मुद्दाम टाकल्यासारखं टाकलं. मागून त्यांनीच सांगितलं की त्यांना वाटलं, हा आपल्या कलिंगडांवर कोणी येऊ नये म्हणून भीती घालतोय. सुंभ जळतो, पीळ जात नाही म्हणतात ना. आमचा तर पाण्यात बुडूनही गेला नव्हता.

गाळाचा वरचा पापुद्रा फुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. बाबा एकदम बुटके झाले, एवढंच दिसलं. मी बांधाच्या टोकाशी पोचले तोवर ते छातीपर्यंत आत गेले होते. हात दोन्हीकडे पसरलेले, टोपी पडलेली. ते पाय झाडत होते आणि प्रत्येक झटक्याला थोडे थोडे खाली जात होते. मी बांधावरून उतरायला गेले, तर काकांनी लांबूनच असं दटावलं की मी जागीच थिजले.

काका एका हातात चऱ्हाट आणि काखेत चिखल सपाट करायची लांब फळी घेऊन धावत आले. नवराही तोवर पोचला होता. काकांनी चऱ्हाटाचं टोक आमच्या हातात दिलं, फळी गाळावर टाकली आणि तिच्यावर पालथे पडून सापासारखे पुढं सरकायला लागले. फळी कुरकुरत होती, तिच्या कडांनी पाणी वर येत होतं. फळी बाबांपर्यंत पुरली आणि काकांनी हात पुढं केला.

बाबांनी हात दिला नाही.

गाळ त्यांच्या खांद्याला लागला होता आणि हे गृहस्थ मान वळवून दुसरीकडे बघत होते. म्हणाले, दोरी टाक, हात नको. पडलो तरी नाक वर. मला रडू येत होतं आणि त्यांना धरून हलवावंसंही वाटत होतं. काकांचा हात तसाच पुढं. चिखलानं जड झालेल्या बोटांनी बाबांना दोरी स्वतः बांधून घेता येणार नव्हती, काखेखालून काकांनीच घालायला हवी होती आणि त्यासाठी बाबांनी हात वर करून त्यांच्या हातात द्यायला हवा होता.

तेव्हा आई बोलली. ती ओरडली नाही. चूल पेटत नसली की जशी पुटपुटायची तितक्याच आवाजात ती म्हणाली, "हात द्या त्यांना. एक तिथं ठेवलाय, दुसरं माणूस मी ठेवणार नाही."

बाबांनी हात दिला.

पुढचं सगळं नुसतं ओढणं होतं. काकांनी दोरी काखेखालून घेतली, आम्ही तिघांनी बांधाला टाचा रोवून ओढली. चऱ्हाटानं तळहात सोलून निघाले. गाळ सोडत नव्हता. सुटायचा तेव्हा ढेकर दिल्यासारखा आवाज करायचा आणि पुन्हा धरायचा. शेवटी बाबा फळीवर आले आणि दोघं भाऊ एकाच फळीवर एकमेकांना धरून बांधाला लागले. कोण बाबा आणि कोण काका ते चिखलामुळं आधी कळेना.

 बाबा बांधावर बसून धापा टाकत होते. मग त्यांनी त्या झाडाकडे पाहिलं, वर देवळाकडे पाहिलं, खाली पाण्याकडे पाहिलं. कुठं काय होतं ते त्यांच्या डोक्यात आता जागच्या जागी बसलं असावं. "म्हणजे हा तुझा," ते काकांना म्हणाले. "तू तर तोडला होतास. मी घाव ऐकले."

"जांभूळ तोडत होतो," काका म्हणाले. ते फडक्यानं फळी पुसत होते. "उंबर नाय तोडला. देवाचं झाड म्हणून नाय, खोटं कशाला बोलू. वहिनी रोज पाणी घालायच्या तिथं. मी मोटेवर असायचो, बघायचो. त्या झाडावर कुऱ्हाड कशी चालवू?"

बाबांनी आईकडे पाहिलं. मग काकांकडे. काकांनी नजर खाली घातली. विहिरीतला गाळ काढून त्या उंबराखाली काकांनीच टाकला होता, ताजी माती तीच, हे मला काकांनी नंतर सांगितलं, निघताना जीपपाशी. बाळाची खरी जागा खाली होती, आमच्या उंबराशी. तो उंबर पाणी भरलं त्या पहिल्याच वर्षी आडवा झाला होता आणि ती जागा त्या दिवशीही खोल पाण्यात होती. कधीच उघडी पडणार नव्हती. बांधावर बसलेल्या त्या दोन माणसांना हे ठाऊक होतं आणि उंबर आपला की परका हे कळल्यामुळं मलाही अर्धं ठाऊक झालं होतं.

आई तांब्या घेऊन उभी होती. धावताना तो तिनं कुठं ठेवला आणि कधी परत उचलला, देव जाणे. फडकं तसंच बांधलेलं होतं. तिनं बाबांना विचारलं, "तिथंच ना? त्याच झाडाखाली?"

 माझ्या बाबांनी सोयीसाठी खोटं बोलल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. खरं बोलायच्या हट्टापायी त्यांनी नातेवाईक तोडले होते, शेजारी तोडले होते. वाऱ्यानं त्यांच्या अंगावरचा चिखल वाळून पांढरा व्हायला लागला होता.

"हो," बाबा म्हणाले. "तिथंच."

आईनं काकांकडे पाहिलं.

"तिथंच, वहिनी," काका म्हणाले. "मी होतो ना बरोबर."

मग काकांनी तिला पलीकडच्या बांधानं, टणक वाटेनं, झाडापर्यंत नेलं. फळी बरोबर घेतलीच होती. बाबाही उठले आणि चिखलाच्या अंगानं त्यांच्या मागून गेले. नवरा जायला निघाला तेव्हा मी त्याचा हात धरला. आईनं फडकं सोडलं, वाकून बुंध्याशी सगळं पाणी ओतलं, सावकाश, तांब्या उलटा होईपर्यंत. दोघं भाऊ तिच्या दोन बाजूंना उभे होते. त्या काळ्या खोडाला पाणी घालून काही फुटणार नव्हतं हे तिघांनाही कळत होतं.

परतताना काकांनी जीपमध्ये दोन कलिंगडं ठेवली. बाबांनी नको म्हटलं नाही. घोटीला चहासाठी थांबलो तेव्हा बाबा आणि नवरा नळावर हातपाय धुवायला गेले. आई आणि मी गाडीतच होतो. रिकामा तांब्या तिच्या मांडीवर.

"तिथं नव्हता तो," आई म्हणाली.

 तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्या दोघांचं एका बांधावरून कधी एकमत झालं नाही. आज लगेच झालं. त्यावरूनच कळलं मला." नळाकडे बघत तिनं पदरानं तोंड पुसलं. बाबा अजून मान वाकवून कानामागचा चिखल काढत होते. "यांना सांगू नकोस. पहिल्यांदाच माझ्यासाठी खोटं बोललेत."